आये, तुझा लबाड कोल्हा

आये, तुला एक विचारायचं राहून गेलं. ती कोल्ह्याची गोष्ट तुला कुणी सांगितली होती? खाडीच्या वाटेवर कोल्हा मेल्याचं सोंग घेऊन पडतो, बाजाराला निघालेली कोळीण कातड्याच्या आशेनं त्याला उचलून पाटीत टाकते, आणि ती चालत असताना हा तिच्या डोक्यावर बसून सगळी मासळी फस्त करतो, उडी मारून पसार होतो. तू स्वतः कळव्याच्या बाजारात पाटी घेऊन बसणारी, तरी दर वेळी कोल्ह्याचीच बाजू घ्यायचीस. शाळेत बाई प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहायला लावायच्या, म्हणून मी एकदा विचारलं, की कोल्ह्याला शिक्षा कशी झाली नाही? तू बोंबील साफ करता करता म्हणालीस, "त्याच्या पोटान भूक व्हती. त्यानं डोकं चालवलं. शिक्षा कशाची?"

मी आता डोंबिवलीत राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी वाचनालयात मुलांना गोष्टी सांगते. त्यासाठी देशोदेशीच्या लोककथा वाचायला लागले, तर जिथे जावं तिथे एक लबाड आधीच येऊन बसलेला. अमेरिकेतल्या मूळ लोकांचा एक डोमकावळा आहे, तो पेटीत लपवलेला सूर्य पळवतो, तेव्हा कुठे जगाला उजेड मिळतो. आफ्रिकेत लबाडीचं काम कोळी करतो, आठ पायांचा. ते ऐकून एका मुलीनं विचारलं, "आजी, कोळी म्हणजे तुमच्यासारखे?" मी म्हटलं, साधारण तसेच. आणि गेल्या महिन्यात रशियाकडच्या एका गोष्टीत मला तुझा कोल्हा सापडला. तिथे ती कोल्हीण आहे, बर्फावर मेल्यासारखी पडते, म्हातारा तिला माशांनी भरलेल्या गाडीत टाकतो, आणि ती एकेक मासा रस्त्यावर फेकत जाते. तुला अक्षर येत नव्हतं, कळव्यातून तू फार तर आंबिवलीला मावशीकडे जायचीस. तिथली गोष्ट तुझ्यापर्यंत आली कशी? की आपलीच तिकडे गेली?

हे वाचल्यापासून मला सातवीच्या परीक्षेनंतरचे दिवस आठवतात. मोठ्या आत्यानं ठरवून टाकलं होतं, की आता पोरीनं शाळा सोडून मासळीची पाटी घ्यायची. बाबा बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते. तू फक्त "बरं" म्हणालीस. मला तुझा इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात बसलेय. तू परसातल्या अळूची जुडी माझ्यापुढे टाकतेस आणि देठं सोलायला सांगतेस. खाज येऊ नये म्हणून एरवी आधी हाताला खोबरेल चोळायचीस. आज मी मागते, तर म्हणतेस, संपलं. सोलून झाल्यावर हात धुवू देत नाहीस. सालं उचलून कुठेतरी टाकून येतेस, मला मांदेल्यांच्या पाटीसमोर बसवतेस, मग आत्याला हाक मारतेस, की बघा, पोरगी कशी शिकतेय. मी चारपाच मांदेली साफ करते न करते तोच माझे हात मनगटापर्यंत लाल होतात. आत्या माझे पंजे उलटेपालटे करून बघते. तू कपाळाला हात लावून म्हणतेस, "हिला मासली चालाची नाय. गिऱ्हाईक असलं हात बघंल तं पाटीजवल येल का?" आत्या माझे हात सोडते. म्हणते, "मंग जाउंदे शालंन."

त्या दुपारी ताटात अळू नव्हतं, आणि खोबरेलाची बाटली फळीवर होती, निम्म्याहून जास्त भरलेली. मी ती पाहिली आणि तुझ्याकडे पाहिलं. तू भात वाढत होतीस. पुढे मी आठवीत गेले, डीएड केलं, तीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि घरी मासळी रोज स्वतःच्या हातानं साफ केली, कधी काही झालं नाही. तू "बरं" म्हणालीस तेव्हाच तुझ्या डोक्यात हे होतं, की सकाळी अळू दिसलं तेव्हा सुचलं? आणि आत्याचं काय? जन्म खाडीकाठी काढलेल्या बाईला अळूची खाज ओळखू आली नसेल, हे मला अलीकडे पटत नाही. कदाचित तिलाही मला पाठवायचंच होतं, फक्त तिचा शब्द मागे घ्यायला काहीतरी निमित्त हवं होतं. आता ती नाही, तूही नाहीस, आणि हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी तुला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि घरातली ही गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकणं तुला आवडलं नसतं.

एक मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. खाज त्याच संध्याकाळी थांबली होती. पुढचे तीन दिवस आत्या दिसली की मी हात खाजवत बसायचे, आणि मला वाटायचं, आपण आयेलाही फसवतोय.