पायाचं बटण, मामाचं घुमट

९ जानेवारी, गणेशगुडी

डॅनीनं, माझ्या दोस्तानं, त्याचा जुना लूप पेडल दिला. शिगम्यापर्यंत, होळीच्या सणापर्यंत. गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकवर वाजवायचा तेव्हाचा. वर म्हणाला, "परत दी गो. तुझ्याकडे गेलेली वस्तू पण फिरायला लागते." खरं हाय. त्याची छत्री अजून सुप्याला कुणाच्या तरी ओट्यावर असणार.

बिस्किटाच्या पुड्याएवढा लोखंडी डबा, वर एकच बटण. पायानं एकदा दाबलं की ऐकतो. पुन्हा दाबलं की ऐकलेलं तेच ते फिरवत बसतो. त्यावर आपण दुसरं वाजवायचं, त्यावर गायचं. एकटी रेश्मा गेली, चार रेश्मा झाल्या.

होमस्टेवाल्या शांतक्कानं गायला शिगम्याआधीचे शनिवार दिलेत. अट एकच. "एकटीच ये, माझ्याकडं जागा न्हाई. पण एकटी वाटलीस तर पाव्हणे मोबाइल काढतात बघ."

१२ जाने., रामनगर

घरी सराव. गिटारचे सूर पकडत होते, तेवढ्यात आई आतून ओरडली आणि डब्यानं तिलाच पकडलं. "रेश्मे, दूध उतू चाललंय! रेश्मे, दूध उतू चाललंय!" दहा वेळा. आई पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "एवढं तरी पाठांतर तू केलं असतंस तर बारावी झाली असती." बारावी अर्धी सोडल्याला चार वर्षं झाली. तिच्याकडंही लूप हाय.

ताल मात्र जमेना. डॅनीनं मोबाइलमधला ड्रम दिलाय, तो चढावरच्या टमटमसारखा वाजतो. माझ्या गाण्यांना घुमट पाहिजे, मडक्याच्या तोंडाला कातडं ताणलेलं. मामाचंच पाहिजे. लहानपणापासून कानात तेच हाय, दुसरं बसत न्हाई.

१७ जाने., कॅ.रॉ.

सकाळच्या गाडीनं कॅसलरॉक, तिथून चालत मामाकडं. वाटेत धनेश पक्ष्यांची जोडी दिसली, त्यांच्या मागं गेले, तासभर तिकडंच. पोचले तर मामा जेवून पडलेला.

ओंडका पडल्यापासून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत न्हाईत. घुमट कापडात गुंडाळून माळ्यावर. "चार आवर्तनं वाजवतो, मग हात लाकूड होतो. चार आवर्तनांत कुठलं गाणं होतं गो बाय?"

मी म्हटलं, चारच पुरेत. त्याला कळलं न्हाई.

घुमट काढलं. आधी कपाळाला लावलं. उन्हात ठेवून कातडं ताणून घेतलं. मी मडक्याला छोटा माइक चिकटवला, वायर डब्यात, डबा बाकाखाली. त्यानं वाजवलं. काय वाजवलं! दोन वर्षांनी घुमट हातात घेतलेला माणूस वाटेना. चार झाली, मी बटण दाबलं, मामाचे हात मांडीवर आणि घुमट चालूच. तो आपल्या हातांकडं बघतोय, परत मडक्याकडं बघतोय. "आगं, मी तर हितं बसलोय!" मामीला हाक मारली. लहान पोरासारखा.

मग त्याची नजर वायरीवरून सरकत बाकाखाली गेली. माझा अनवाणी पाय बटणावर.

हसू तिथंच थांबलं. "माझ्या वाजवण्यावर पाय?"

घुमटाला चुकून पाय लागला तरी नारळ फोडतात त्या घरात. मी पाच वर्षांची असल्यापासून मला ठाऊक हाय. आणि तरी डोक्यात आलं न्हाई. पेडल म्हणजे पाय, एवढंच.

"पूस ते," म्हणाला.

पुसायला बटण दाबून धरावं लागतं. मी धरलं. परत पायानंच. सवयीनं. मामा उठला, घुमट गुंडाळलं, माळ्यावर.

२४ जाने.

माफी मागायला जायला पाहिजे होतं. गेले कुठं? मडगावच्या पोरांबरोबर दूधसागरच्या बाजूला. हे माझं नेहमीचं. आई म्हणते पायाला भिंगरी हाय, ती नेमकी जिथं जायला नको तिकडं फिरते.

२५ जाने., गणेशगुडी

पहिला शनिवार. गिटार आणि तो टमटम. तिसऱ्या गाण्याला सगळ्या टेबलांवर मोबाइल उजळले. शांतक्कानं ताटात एक पापड जास्त वाढला. ते जास्त लागलं.

फेब्रु., तारीख विसरले, उळवी

जत्रा. चार दिवस इथंच, येताना एकच दिवस म्हणून आलेले. बैलगाड्यांची रांग, घुंगरं आणि गळ्यातल्या घंटा. एका गाडीखाली मांडी घालून बसले आणि डब्यात घंटा भरल्या. एका आजोबांना ऐकवल्या, म्हणाले, "नमदे एत्तु!" आमचाच बैल. घंटेवरून ओळखला!

गाडीखाली पाय पसरायला जागा नव्हती. बटण हातानं दाबत होते. तीनदा दाबल्यावर माझं मलाच कळलं. डब्याला काय, तो कुणी दाबलं बघत न्हाई.

घाईनं निघाले, उरलेली जत्रा टाकून. हे पहिल्यांदाच.

१३ फेब्रु.

हातानं दाबायचं तर गिटार कुणी वाजवायची? डबा उंच स्टुलावर ठेवून कोपरानं दाबून बघितला. तालाच्या पुढं तरी जाते न्हाई तर मागं. डॅनी पोट धरून हसला. "उद्या नाकान दाबशील गो." त्याचा सल्ला: नवीन घे, चांगला घे, पायानं वाजव, मामाला सांगू नकोस. "तो काय गणेशगुडीला बघायला येतोय?"

येणार न्हाई. म्हणूनच फसवायचं न्हाई.

१९ फेब्रु., बेळगाव

दुकानात दोन काढले. पहिला डॅनीसारखाच, एक बटण, बॅटरीवर चालतो. कॅ.रॉ.ला वीज जाते येते, त्यामुळं हा बरा. पण थांबवायचा तर पटापट दोनदा दाबायचं. दुसरा मोठा. दोन बटणं, एक सुरू करायचं, एक थांबवायचं. तीन वेगवेगळी वाजवणी साठवून ठेवतो. बॅटरी न्हाई, पण पॉवर बँकेवर चालेल, वायर वेगळी.

दुकानदारानं बुटानं दाबून दाखवला. मी म्हटलं, हातानं बघते. "मॅडम, हा पायाचा आहे." असू दे. मी उजव्या हाताची दोन बोटं ताठ ठेवली आणि बाकीच्यांनी दाबत बसले. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

आठवडाभर मी कुणासाठी पेडल निवडत होते ते तिथं कळलं. काहीच न घेता निघाले. आधी मामाला विचारायचं.

२१ फेब्रु., मामाकडं

सरळ गेले. धनेश दिसले, थांबले न्हाई. (थोडीच थांबले.)

डॅनीचा डबा पाटावर ठेवला, पाट मामाच्या डाव्या हाताशी. म्हटलं, "माझा पाय लागणार न्हाई. तूच दाब. तुझं तू सुरू कर, तुझं तू थांबव."

बराच वेळ सुपारी कातरत बसला. मामी म्हणाली, "पोरगी भर उन्हात आलीय, बघून तरी घ्या." मग माळ्यावरून घुमट उतरलं.

सुरू करायला बरोबर समेवर दाबलं, पहिल्याच फटक्यात. मला महिना लागला होता. पण थांबवताना पटापट दोनदा दाबणं त्याला जमेना. दुसरा फटका उशिरा पडायचा आणि शेवटी एक जास्तीचं "टप्" राहायचं. पाच वेळा केलं. मामा वैतागला. "तोंड आणि शेपूट एकाच जागी असलेलं जनावर कुणी बघितलंय? थांबवायला येगळं बटण पायजे."

आणि दुसरं, "ह्ये तापत न्हाई. आमचं गाणं बसून सुरू होतं आणि उठून संपतं. ह्ये एकाच चालीनं चाललंय, म्हैस चरायला चालल्यागत."

म्हणजे मोठाच. दोन बटणं, तीन जागा: सावकाश, मधलं, पळतं. एकेक वाजवायचं, मध्ये बोटांना विसावा. मी पुसत होते, हातानं, तेव्हा त्यानं विचारलं, "घेणार कवा?"

२४ फेब्रु.

घेतला. एकच पीस होता, दाखवायला ठेवलेला तोच. बेळगावहून येताना पूर्ण वेळ मांडीवर.

१ मार्च, गणेशगुडी

हे नीट लिहायचं.

मामा आला. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, पाट स्वतः उचलून आणला. पाटावर डबा, मांडीवर घुमट. आधी घुमट कपाळाला, मग दोन बोटं डब्याला लावून ती पण कपाळाला. हे मी सांगितलं नव्हतं.

सावकाशीची चार आवर्तनं, दाबलं. मी गिटार घेतली, उळवीच्या घंटा डॅनीच्या डब्यात मामाला जागा लागली तेव्हाच पुसल्या होत्या, त्याचं वाईट वाटलं, मग गाऊ लागल्यावर विसरले. मामा डावीकडं निवांत. त्यानं अडकित्ता काढला! घुमट घुमतंय आणि घुमटवाला सुपारी कातरतोय. पुढच्या टेबलावरची बाई नवऱ्याला म्हणाली, "हे नुसते बसलेत, मग वाजवतंय कोण?" मामानं ऐकलं. मान ताठ केली. मधलं वाजवलं, मग पळतं. पळत्याला पाव्हणे उठले. शेवटी मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं, आणि हात पडला. समेवर. "टप्" न्हाई, काही न्हाई. शांत.

मोबाइल निघाले होते, पण सगळे आमच्याकडं धरलेले.

शांतक्का: "एकटी ये म्हटलं होतं न्हवं?" आणि मामाला आधी वाढलं.

परतताना जीपमध्ये मामा दहा वेळा एकच म्हणाला, "मी सुपारी बी कातरत होतो आणि वाजवत बी होतो." मी दहाही वेळा ऐकून घेतलं. माझं गाणं कसं झालं हे मी कुणाला विचारलंच न्हाई. आजवर असं झालेलं न्हाई.

८ मार्च

डॅनीचा डबा परत केला. त्यानं उलटापालटा करून बघितला, खरंच आलाय का म्हणून. छत्रीचं विचारलं न्हाई.

मामानं परस्पर गावात सांगितलंय की औंदा शिगम्याला मांडावर, गावाच्या गाण्या-वाजवण्याच्या पवित्र जागी, तो बसणार. ओंडका पडल्यापासून बसला नव्हता. पण मांड म्हणजे होमस्टे न्हाई. तिथं चप्पल घालून जात न्हाईत, वाद्यं पूजेला ठेवतात. डबा ठेवायचा की न्हाई ते जाणती माणसं ठरवणार. उद्या सकाळी.

१२ मार्च, मामाकडं

"उद्या" म्हणता म्हणता चार दिवस गेले, आज बैठक झाली. मला आत बोलावलं न्हाई, मी घरासमोर, मांडाला लागूनच्या फणसाखाली. मामा बाहेर आला तो खुशीत. "निम्मे व्हय म्हणाले. निम्मे म्हणतात, वाद्य म्हणून ठेवताय तर वाद्यासारखं पायजे. त्याला आजवर कुणाचा पाय लागला न्हाई ना, तेवढं सांगा. मी म्हणालो, न्हाई. माझ्या हातानंच चालतंय. आता उद्या मांडावर सगळ्यांसमोर तेवढं एकदा बोलायचं, की झालं."

मला दुकान आठवलं. तो बूट.

सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. दुकानदार बेळगावात. मामा दोन वर्षांनी मांडावर बसणार. हे सगळं डोक्यात फिरून गेलं, आणि तरी मी सांगितलं. सगळं. बुटाचा रंगसुद्धा, तपकिरी.

मामानं घुमटाचं कापड उघडलं, झाकलं. मग पडवीत जाऊन नारळ सोलायला बसला. घुमटाला पाय लागला तर एक नारळ. डब्याला बूट लागला तर किती, ते त्यालाही ठाऊक नसणार. एक सोलून झाला. दुसरा हातात घेतला, हलवून बघितला, खाली ठेवला.

"उद्या मांडावर बुटाचं कोण बोलणार?" त्यानं विचारलं.

"मी," म्हटलं.

"बायका मांडावर बोलत न्हाईत."

"फणसाखालनं बोलते. मोठ्यानं."

त्यानं दुसरा नारळ परत उचलला.