खंडेनवमीची रायफल

२२ सप्टेंबर, कार्डिफ
आले बाई एकदाची कामावर. पुण्यात पंपांचे पार्ट तपासायचे, इथे जुन्या बंदुका. चालवायला सेफ आहेत की नाहीत, ते सांगायचं. मिहीर हॉस्पिटलात डॉक्टर असला तरी बंदूक म्हटल्यावर त्याचं पोर झालं. माझा बॉस गॅरेथ त्याला म्हणाला, क्लबच्या गेस्ट डेला ये, तूही गोळी झाड. झालं, नवरोबा ढगात.

२९ सप्टेंबर
गॅरेथने स्वतःसाठी महायुद्धातली रायफल घेतलीय. गेस्ट डेला हीच नेणार. जर्मनांनी काबीज केलेल्या देशातल्या कारखान्यातली. तो सांगत होता, तिथे कामगार जबरदस्तीचे, मालक जर्मन सरकार. शेवटी शेवटी तर कानशीच्या खुणाही कुणी घासत नसे. ही मात्र आरशासारखी. तपासनिसाचे शिक्केही जागच्या जागी. एवढ्या जाचात कुणी इतकं मन लावून घासलं असेल? बाईच असणार, असं उगाच वाटलं. मला आवडली ती.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. पप्पा लेथला झेंडू वाहायचे, म्हणून मीही हळदकुंकू नेलं. मायक्रोमीटर, कानस, मग रायफल. नैवेद्याला वेल्श केक. गॅरेथ हसला, पण हात जोडून उभा राहिला. प्रत्येक हत्याराला म्हटलं, ज्यासाठी तुला घडवलं, ते काम चोख कर.

३ ऑक्टोबर
गोळीचा सगळा दाब बोल्टवर, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्यावर येतो. त्याला लाल रंग लावून पाहिला, तर रंग बारीक चिरेत उतरला. पोलाद मुद्दाम चुकीचं तापवलंय आणि चीर घासून लपवलीय. म्हणजे मन लावून केलं ते हे. झाडणाऱ्या जर्मन शिपायाच्याच तोंडावर फुटावी म्हणून. पकडली गेली असती तर जीव गेला असता तिचा. कौतुक वाटलं, खरंच. फेल लिहून लाल टॅग बांधला.

७ ऑक्टोबर
टॅग हिरवा आहे. सही माझी. मी केलेली नाही. गॅरेथसमोर पुन्हा रंग लावला. चीर दिसेना. दमली असशील म्हणाला. माझ्या नखांत मात्र पॉलिशचा काळा लगदा.

८ ऑक्टोबर
ती दिसली. भरदुपारी, शेजारच्या बाकावर. डोक्याला रुमाल, खाली मान घालून घासत होती. माझ्याकडे पाहून हसली, नव्याने कामाला लागलेल्या पोरीकडे बघून हसावं तशी. माझा हातही घासत होता. भीती वाटते.

१० ऑक्टोबर
आईला फोन केला. म्हणाली, तू मागितलंस तेच करतंय गं ते हत्यार. खरंय. तिचं युद्ध संपलेलंच नाही. तिच्या लेखी रायफल जो धरेल तो जर्मन शिपाई. मिहीरला म्हटलं, जाऊ नकोस. म्हणे, पास तूच केलीस ना —

११ ऑक्टोबर
गेस्ट डे. क्लबच्या शूटिंग रेंजच्या बाहेर, गाडीत. त्याला अडवायला आले. हात दाराकडे जात नाही. पेनच धरतो —

पहिला बार. मिहीर हसतोय, इथपर्यंत ऐकू येतं.

गाडीत झेंडूचा वास. ओरडता येत नाही, फक्त लिहिता —

दुसरा. अजून हसतोय. ठेव रे खाली ती —

‘मिहीर’ लिहायला जाते, हात लिहितो चोख. चोख. चो