शिवेपर्यंतचा खांदा

चैत्र, १९५७

प्रिय वनू,

पत्र मिळालं. पाचवा लागला म्हणतेस आणि एकाच कागदावर तीन ठिकाणी विचारतेस, न्यायला कधी येता. लहानपणी भूक लागली की असाच घोषा लावायचीस. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीतच आहे, तेव्हा तुझं काही चुकत नाही. उत्तर देते, पण आधी मला थोडं बोलू दे.

आपल्या दारावरून जाणारी वाट आठवते ना? जव्हारहून आपल्या माळावरून मोखाड्याकडे आणि पुढे घाट चढून त्र्यंबकला जाणारी. मिठाचे बैल त्याच वाटेने वर जायचे आणि संस्थानच्या साहेबांच्या ट्रंकाही. त्या ट्रंका वाहायची वेठ होती. एका गावाने शिवेपर्यंत न्यायच्या, तिथून पुढच्या गावाने. त्यात माणसं पिचली. आजाऱ्याची झोळीही तशीच शिवेशिवेने जायची, पण ती उचलायला कुणावर सक्ती नव्हती. शिवेवर हाळी दिली की पुढच्या गावचे गडी भाताची आवणी टाकून चिखलाच्या पायांनी धावत यायचे. कुणाची कोण, हे विचारायचे नाहीत. तू तापाने फणफणली होतीस तेव्हा अशीच जव्हारच्या दवाखान्यात पोचलीस. वाटेत झोळी एकदाही जमिनीला टेकली नाही. गरम पेज पाजणाऱ्या बायकांची मला नावंही ठाऊक नव्हती.

संस्थान विलीन झालं, वेठ बंद झाली, तेव्हा तुझ्या अण्णांनी शाळेत गूळ वाटला. चांगलंच झालं ते. पुढे ओढ्याच्या अंगाने खालून सरकारी रस्ता आला. तरणी पोरं म्हणू लागली, आता कशाला खांद्यावर वाहायचं, मोटार आहे. गेल्या वैशाखात तुझी पाठवणीही मोटारीतूनच झाली. तू खिडकीतून हात हलवत गेलीस आणि तुझी काशीवहिनी पोट सावरत कितीतरी दिवस तेच बोलत होती.

काशी बाळंतपणात गेली, एवढंच तुला कळवलं होतं. श्रावणातली गोष्ट. ती अडली, सुईण नवशीने हात टेकले. म्हातारा पुंजा म्हणाला, वरच्या वाटेने जव्हारला चला, "मोटार आली त आली. मानूस हाक मारली का येतो." तुझ्या दादाला मात्र रस्ताच जवळचा वाटला. त्याचं तरी काय चुकलं? रस्ता होता, मोटार रोज दुपारी यायची. झोळी खाली नेली, भर पावसात डोक्यावर इरली धरून बसलो. कळा सोसतानाही काशी मला म्हणाली, "आय, मना खिडकीजवल बसव." मी हो म्हटलं.

मोटार आलीच नाही. ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. आम्हाला ते कुठलं कळायला? दिवस कलला तेव्हा झोळी पुन्हा माळावर चढवली. शिवेवर उभं राहून तुझ्या दादाने, लक्ष्मणाने, घसा फुटेस्तोवर हाळी दिली. पलीकडे वाट रानाने झाकून टाकली होती, त्या बाजूच्या शेतात आता कुणी कान देऊन नसायचं. कुणी आलं नाही. तिथेच, शिवेवर, काशी गेली. बाळाचा आवाज आम्ही ऐकलाच नाही. मग झोळी खाली ठेवली.

तेव्हापासून तुझ्या दादाचं एकच चाललंय. बाजाराच्या दिवशी सगळे मोटारीने मोखाड्याला जातात, हा कोयता घेऊन माळावरची वाट साफ करत बसतो. लोक हसतात. वाट होईल गं मोकळी, पण हाळी ऐकून येणारी माणसं कुठून आणायची? रस्त्यावर माझा राग नाही. त्याच रस्त्याने तुझी पत्रं येतात. हळहळ एवढीच वाटते की मोटारीची खात्री पटायच्या आधीच आपण एकमेकांना हाक मारायचं सोडून दिलं.

अण्णा म्हणतात, पोटुशीला असलं लिहू नये. पण कारण न सांगता नाही म्हटलं असतं, तर आईला मी जड झाले, हे तू जन्मभर मनात धरलं असतंस. वनू, बाळंतपणाला तू येऊ नकोस. कल्याणला तुझ्या घराजवळ दवाखाना आहे, तिथेच राहा. श्रावणात मी तुला इथे आणणार नाही. सासूबाईंना सांग, रीत मोडली ती माझ्या आईने. मीच येते, ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत. तुझ्या आवडीचं कैरीचं लोणचं घेऊन येते. काशी गेल्यापासून मी त्या मोटारीत पाऊल ठेवलेलं नाही, ठेवणारही नाही म्हटलं होतं. पण तुझ्यासाठी बसेन. लक्ष्मणाला सांगून ठेवलंय, मला खिडकीजवळ बसव.

तुझीच,
आई