बी चालतंय, पेरायचं नाय

१२ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

घट बसायच्या आधीची झाडझूड काढली. धान्याच्या कोठीमागं मडकं सापडलं! तोंडाला फडकं, आत राख. राखेत ज्वारीएवढं करडं बी.

आमच्या ध्यानानं, म्हणजे नवऱ्यानं, वास घेतला आन् आधी दार लावलं. "अगं, हे गांजाचं बी हाय. दादांचं."

दादा म्हणजे माझा सासरा. कोरोनात गेला, पण तोपर्यंत चिलीम काय सोडली नाय. बसून गांजा निवडायचा, बी बाजूला काढायचा. गांजा धुरात गेला, म्हातारा राखेत गेला, बी तेवढं राहिलं.

फेकते म्हणलं तर आत्याबाई, म्हणजे माझी सासू, मडक्याला मिठी मारून बसली. "त्यांची ठेव हाय. हात लाव, मग बघ!" जिवंतपणी त्या चिलमीवरून रोज शिव्या घालायची त्याला. आता ठेव!

१३ ऑक्टोबर

रात्रभर डोळ्याला डोळा नाय. दसऱ्याला आमच्या लेकीची, रेणूची सुपारी फोडायला माणसं येणार. पोरगं वाळूजला कंपनीत, रेणूला पसंत. एरवी तोंड पाडून बसणारी पोरगी आता आरशापुढं गुणगुणती. आन् पोराचा बाप कोण? सिल्लोडचा रामकिसन हवालदार!

आज सरोजिनीबाई वकीलीण आमच्या गिरणीवर दळण घेऊन आल्या. गिरणीच्या आवाजात मी ओरडूनच विचारलं, "आमच्या एका पाव्हणीकडं गांजाचं बी हाय, तिला आत टाकतील का?"

नेमकी तवाच लाईट गेली. "गांजाचं बी" सगळ्या रांगेनं ऐकलं.

बाईंनी हाताला धरून बाहेर नेलं. "नुसतं बी म्हणजे कायद्यानं गांजा नाही. मात्र त्यात फुलं-शेंडे नकोत. पण तेच बी पेरलं आणि रोप आलं, तर ती लागवड. त्याला दहा वर्षांपर्यंत सजा आहे. आणि पोलिसाला हे सगळं समजावत बसण्यापेक्षा, मोरीत ओतायला सांगा पाव्हणीला." मग चष्म्यावरून बघितलं. "पाव्हणी गिरणी चालवते का हो?"

लई चोंबडी बाई.

पण कायदा तरी कसला म्हणावा! पोटुशी चालते, बाळंतीण चालत नाय!

१५ ऑक्टोबर, रविवार

घट बसले. लासूरच्या वावरातली माती आणली. पेरायचा मान आत्याबाईंचा, दुसऱ्या कुणी हात घालायचा नाय. मडकं मी माळ्यावर टाकलंय. दसरा झाला की नाल्यात. म्हातारीला सांगायचंच नाय.

१९ ऑक्टोबर

धान छान उगवलं. गहू, ज्वारी सरळ. मधी मधी दोन पानांचं काहीतरी रुंद. मूग असंल.

२१ ऑक्टोबर

मूग नाय!!

पानाच्या कडा करवतीसारख्या. रेणूनं मोबाईलवर गांजाच्या पानाचा फोटो काढून शेजारी धरला. तेच. पळत जाऊन मडकं खाली काढलं, तर फडक्याची गाठ माझी नव्हती.

म्हातारीला दिसत नाय, हाताला लागलं ते पेरलं. माळ्यावर चढली कशी ते देवालाच ठाऊक. दहा वर्षांची सजा माझ्या देवघरात पाणी पिऊन वाढतीय, आन् मीच रोज पाणी घालते!

उपटावं, तर घट. कात्री घेऊन बसले होते, म्हातारीला चाहूल लागली. "दसऱ्याच्या आधी घट दुखावला तर घरातलं माणूस जातं." म्हणलं, न दुखावला तर पोलीस नेतात, जायचं तर हायच! हसली नाय.

आमचं ध्यान म्हणतं, "देवीला कौल लाव." म्हणलं, तुम्हीच लावा, तुमच्या खानदानाचं पीक हाय.

रेणू रडली, सुपारीच्या तोंडावर अपशकून नको म्हणून. मग कात्री ठेवून दिली. काय करणार?

२४ ऑक्टोबर, दसरा

हवालदार आले. घटापुढं झेंडूच्या माळांचा ढीग केला होता मी, पार परडी झाकंपर्यंत. काय उपयोग! आत्याबाईंनी माळा बाजूला सारल्या, धान उपटलं आन् रीतीप्रमाणं टोपीत खोवायला हात पुढं केला. गव्हाच्या कोंबात ते हिरवं मिरवतंय!

हवालदारांनी टोपी काढली. तुरा तळहातावर घेऊन बघितला. लई वेळ. रेणूच्या हातातला चहाचा ट्रे वाजायला लागला.

"आजी, हे काय उगवलंय?"

"देवीनं दिलं ते उगवलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. मग रेणूच्या ट्रेकडं बघितलं, एक कप उचलला आन् तुरा टोपीत खोवला. "देवीनं दिलंय म्हणल्यावर पंचनामा कसला करायचा?"

सुपारी फुटली. पोरगी खोलीत जाऊन नाचली. मी मोरीत जाऊन बसले.

२५ ऑक्टोबर

मडकं घेऊन नाल्याकडं निघाले होते. आत्याबाई दारातच. "दरसाल एक चिमूट पेरते त्यांच्या नावानं. तुझ्या अंबाड्यात मीच खोवते. तुला यंदाच दिसलं व्हय?"

मागं फिरले. नवं फडकं बांधून मडकं कोठीमागं ठेवलं. ठेवायला कायदा आडवा येत नाय.