सातवा टाका

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बाबांचे हात थरथरतात, सुईत दोरा मीच ओवून देते. तंबूंचा कारखाना चालू आहे. तुझ्या टेबलाशी कुणी बसत नाही.

सहा वर्षांनी अचानक पत्र, तेही तुझा पत्ता ठाऊक नसताना! तर ऐक. तुझा जिवलग मित्र, म्हणजे आमचे हे, दर दोन महिन्यांनी तंबू घेऊन एकटे पक्षी बघायला जातात. घरी आल्यावर एकाही पक्ष्याचं नाव सांगता येत नाही. मला संशय येणार नाही तर काय! या वेळी मी हट्टाने बरोबर गेले. समुद्राकाठची दलदल आणि जुना किल्ला असलेलं ते उद्यान मीच निवडलं. हे म्हणाले, "मी कधी गेलो नाही तिकडे."

चिखलावरच्या लाकडी पुलावर एक फळी कुजलेली होती. ह्यांनी खाली न बघताच ती ओलांडली, माझा पाय मात्र आत गेला. भरती कधी येते, कुठली वाट बुडते, सगळं तोंडपाठ. किल्ल्यातल्या दारूकोठाराचा कोरडा कोपरा थेट गाठून तिथे तंबू ठोकला. वर रखवालदाराने विचारलं, "काय साहेब, आज तुमचे पाहुणे नाहीत?" ह्यांना एकदम खोकला आला.

बाई! दुसरं काय येणार माझ्या डोक्यात? हे पाणी आणायला गेले तशी मी तंबूचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. केसाची पिन, टिकली, काहीतरी मिळेल म्हणून. मिळाली एक शिवण. पावसाळ्यात फाटलेला कोपरा ह्यांनी म्हणे बाजारात शिवून घेतला होता. पण दर सातव्या टाक्याला एक टाका मागे घेतलेला, शिवण उसवू नये म्हणून, आपल्या बाबांची पद्धत. आणि टाके उलट्या बाजूला कललेले. डावखुरा आपल्या घरात एकच.

मी तिथेच बसून रडले. आनंदाने, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. भीतीने रडले, दादा. तू ह्यांना सांगितलंयस का? सकाळी चहाचा कप पुढे करताना हे माझ्याकडे बघतात, तेव्हा ह्यांना माहीत असतं का?

सहा वर्षांपूर्वी आपल्या कारखान्याचा तो मांडव फाटून कोसळला आणि तीन माणसं जखमी झाली, ती शिवण माझी होती. घाईत मी सातवे टाके मागे घेतले नव्हते. उसवल्यावर हात कुणाचा ते कळेना, आणि कापड तुझ्या टेबलावरून गेलेलं. बाबांनी सगळ्या कामगारांसमोर तुला घराबाहेर काढलं. मी दोऱ्याचं रीळ गुंडाळत उभी राहिले. तुला माहीत होतं ना? तरी बोलला नाहीस.

आज सकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती टाके चुकवलेस?" मी म्हटलं, "सगळे." ते उठले, तुझ्या टेबलावरचे कापडाचे गठ्ठे एकेक करून खाली ठेवले आणि म्हणाले, "त्याला कोण कळवणार?"

म्हणून हे पत्र. हे तुला भेटायला येताना आणतात त्या तंबूच्या पिशवीच्या अस्तरात घालून शिवून टाकते आहे, ह्यांनी आधी वाचू नये म्हणून. माझी शिवण तू ओळखशील. दर सातवा टाका मागे घेतला आहे, मोजून बघ.

टेबल पुसून ठेवलंय.

तुझी,
तेव्हा गप्प राहिलेली धाकटी