सिग्नलच्या दिव्यापुढे दहा अंडी

४ फेब्रुवारी १९३४, रविवार. होटगी.
गार्डसाहेबांच्या मेमसाहेबांनी विलायती कोंबडीची दहा अंडी दिली. काथाच्या रंगाची. वर्षभरात शंभर कोंबड्या होतील. मग पार्सल क्लार्कची नोकरी लाथाडायची. राजीनाम्याचा मसुदा तयार.
अंडी उबवायला खुडूक कोंबडी गोजाबाईकडून उसनी आणली. रुळापलीकडे झोपडीत राहते. तिच्या शेळ्या रोगाने मेल्या, आता ही एकच कोंबडी. पिल्लं झाली की दोन तिला द्यायची आहेत. एक पुरे.

११ फेब्रुवारी. सातवा दिवस.
खोलीत अंधार केला, सिग्नलचा हातदिवा घेतला, अंडी एकेक करून त्यापुढे धरली. काहीच दिसलं नाही. कवच फार गडद. अर्धा तास पाहिलं. गोजाबाई म्हणाली की अंडी गार पडतील, सारखी काढू नका. अडाणी बाई. कोंबडीने मला दोनदा टोचलं. शिस्त नाही.
आता आठवडाभर हात लावायचा नाही.

१२ फेब्रुवारी.
पाहिली. एकदाच.

२२ फेब्रुवारी. अठरावा दिवस.
वात मोठी केली आणि निकाल लागला. तीन अंड्यांतून उजेड आरपार गेला. सात काळी ठिक्कर. रेल्वेत बारा वर्षं काढली आहेत. उजेड दिसला की लाईन क्लियर. म्हणजे तीन चांगली, सात बाद.
गोजाबाईने काळं अंडं कानाला लावलं. म्हणाली, "मास्तर, जिती हायती ही. आत टकटक करत्यात. उजेड पडतो ती वांझ."
मग कोमट पाण्यात सगळी सोडून दाखवली. सात डुलत होती, तीन स्वस्थ. मी समजावलं की पाणी हलतं म्हणून अंडी हलतात. तिने पाय धरले. बायकांना शास्त्र कळत नाही, काय करणार.
ती गेल्यावर खात्रीसाठी एक काळं फोडलं. आत पिल्लू होतं. थोडा वेळ हललं. अपवाद असतोच. एकासाठी नियम बदलत नाही. उरलेली सहा राखेच्या ढिगात पुरली.

२५ फेब्रुवारी, रविवार. एकविसावा दिवस.
रेल्वेच्या ट्रॅफिक इन्स्पेक्टर साहेबांना पिल्लं पाहायला बोलावलं होतं. आले. वाट पाहिली. मी एक अंडं हातात घेऊन माहिती देत होतो, ते फुटलं. साहेबांचा कोट पांढरा होता.
साहेबांना खूश करणं भाग होतं. कोंबडी कापली. अंड्यांवरून उठेना, ओढून काढावी लागली. बायको रस्सा करीना, शेवटी मीच केला. साहेबांनी दोनदा घेतला.

२६ फेब्रुवारी.
गोजाबाई कोंबडी न्यायला आली. परसात पिसं पाहिली आणि वेचू लागली. मी म्हणालो की नुकसान माझंही झालं आहे, शंभर कोंबड्यांचं. ती एवढंच म्हणाली, "असंच हुनार, मला म्हाईत हुतं की. तरी दिली."
पिसं पदरात घेऊन गेली. बायको तिच्यामागून गेली, ती अजून आलेली नाही. चूल थंड.
दोन अंडी शाबूत आहेत. ऊब कमी पडली, एवढंच. पोटाला फडक्याने बांधली आणि ड्युटीवर गेलो.

२७ फेब्रुवारी.
पार्सल उचलताना एक फुटलं. आता जड काम करायचं नाही.