राणीसाठी दगड

३ फेब्रुवारी, मंगळवार
नळाची वाट पाहून थकलेल्या नगरवासीयांनो! एक बादली पाणी शुद्ध करायला हे फिल्टरवाले दोन बादल्या मोरीत सोडायला सांगतात. या शहरात! मी सोडणार नाही.
(समोर कुणी नाही. तरी सुरुवात जमली.)
पुण्याला नोकरीला जाताना लेकीनं, तनुजानं, खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या हवाली केली. आत तिची राणी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी, कॉलेजपासून सांभाळलेली. रविवारी तनुजा तिला न्यायला येणार. तोवर टाकीचा कायापालट. जाताना पोरगी म्हणाली होती, बाबा, काही बदलू नका. पोरी असं म्हणतातच.

४ फेब्रुवारी
पडेगावला भारतच्या शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन टाकीत ठेवायला दगड निवडला. सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त भोकांचा. भोकांत चांगले जंतू राहतात, पाणी साफ ठेवतात. पुस्तकात वाचलंय मी. शिवाय सफाईला गोगलगायी आणि शंखात राहणारे खेकडे. भारत म्हणाला, सर, लई गर्दी नका करू, थोडे थोडे न्या. त्याला संघटनेचं बळ समजावलं. व्हय व्हय म्हणत त्यानं पिशव्या बांधल्या.
टाकीतलं अर्धं पाणी बदललं. नवीन पाण्यात समुद्राचं मीठ रात्रीच विरघळवून ठेवलं होतं, आईच्या तांब्याच्या हंड्यात. वीज नाही, नासाडी नाही.

५ फेब्रुवारी, सकाळ
गोगलगायी तळाशी उताण्या. कामाचा पहिलाच दिवस आणि हा आळस! हंडा मात्र चिंच न लावता आतून लख्ख. पाणी किती शुद्ध, याचा पुरावाच.

संध्याकाळ
काही गोगलगायी मेल्या. भारतला फोनवर झापलं. म्हणाला, सर, माझ्याकडच्या तर काचेवर चढायल्यात. निकृष्ट माल खपवणाऱ्यांची हीच भाषा.

६ फेब्रुवारी
गोगलगायी संपल्या. खेकडे शंख सोडून बाहेर. बायको, शीला, म्हणाली, अहो, घर सोडून उगाच कोण पळतं? मी म्हणालो, बंडखोर आहेत. ती म्हणाली, मग सरकार कुणाचंय? वाद वाढवला नाही.
शुद्धता वाढवायला आणखी एक हंडा खारं पाणी घातलं. राणी कोपऱ्यात. मिशा खाली. तनुजाच्या आठवणीनं असेल.

७ फेब्रुवारी, दुपार
राणी आडवी झाली.
तनुजाला व्हिडिओ कॉल लावला. काय काय केलं ते सांगितलं, हंडा दाखवला, परंपरेवर दोन शब्द सुरू केले. ती ओरडली, बाबा, गप्प बसा! तांबं विष असतं तिला!
माझं भाषण आजवर कुणी मध्येच तोडलेलं नाही.
शीला रिक्षानं जाऊन भारतकडून खाऱ्या पाण्याचा कॅन घेऊन आली. राणीला छोट्या बादलीत घेतलं आणि त्यात ते पाणी चमच्या चमच्यानं घालत बसलो. मध्येच चमच्यांचा हिशेब चुकला. पंख्याच्या आवाजामुळं.

८ फेब्रुवारी, रविवार
राणी उभी आहे. एक मिशी हलते.
तनुजा आली. राणीला डब्यात घेतलं, छातीशी धरलं. चहा नको म्हणाली. टाकीत आता कुठले प्राणी आणू, असं मी विचारलं. ती म्हणाली, बाबा, दगडाच्या त्या भोकांत तांबं मुरलंय. तिथं आता कुणी जगणार नाही. तुम्ही पुस्तकं सांभाळा.
गेली.
दगड टाकीबाहेर काढायचाय, एकट्याला उचलवत नाही.
शीला, इकडं ये. दगडाला हात लाव.